पुरवणी कागद, प्रश्न अकरा

"आपणाविरुद्ध कधी कोणताही गुन्हा दाखल झाला होता काय?
असल्यास तपशील द्यावा."
रकाना दोन बोटं रुंद.
"होय" लिहिलं, तेवढ्यातच भरला.
म्हणून हा कागद वेगळा जोडते आहे, साहेब.

मी दर्शना कोयंडे, राहणार तांबळडेग.
भरती म्हटलं की आमच्याकडे अजून आधी पाणीच आठवतं.
ओहोटीच्या ओल्या वाळूवर मी आठशे मीटर काढते.
गोळा नव्हता तेव्हा होडीच्या नांगराचा दगड फेकला.
मागून तात्या कुबल, रिटायर हवालदार,
माझी पावलं वाचत येतात:
"डावी टाच जड पडता तुझी."
सुकी वाळू असती तर त्यांनाही कळलं नसतं.

तपशील असा.
विकतच्या लाकडाची होळी आमच्यात कुणी मानत नाही.
ज्याचं बेडं रात्री गेलं तो सकाळी आयमाय काढतो
आणि संध्याकाळी नारळ घेऊन येतो,
आपलंच बेडं जळताना हात जोडतो.
टेकाडावरचा बंगला मात्र पुण्याचा.
त्यांना ही चाल माहीत नव्हती,
आणि कायद्याला माहीत असायचं कारण नव्हतं.
सागवानी फाटक, पितळी कडीसकट,
किंमत अंदाजे सहा हजार.
माझं वय एकोणीस वर्षं दोन महिने.
अज्ञान होते, असं कुठल्याच अर्थाने म्हणता येत नाही.

आरोपी चार. माझं नाव चौथं.
लोकअदालतीत मिटलं, पैसे भरले,
नक्कल सोबत आहे.

मामा म्हणाला, कोरा ठेव, कोण बघता?
तात्या म्हणाले, बघतत.
फाटक आडवा येवचा नाय, कोरो रकानो येतलो.
मग बिडी विझेपर्यंत गप्प.
"फाटकय येयत कदाचित. सायबाच्या हातात आसता."
आई कोलंबीचे वाटे लावत होती.
"खोटो वाटो लावलो तर गिऱ्हाईक एकदाच येता,"
एवढंच बोलली, वर न बघता.

तात्यांना विचारलं, तुम्ही शिमग्याला कधी?
हसले.
"आमच्या वेळाक बंगलो नाय होतो."

इथवरची नोंद तुमच्याकडे आहेच, साहेब.
आता जी नाही ती.

फाटक पहिलं मी उचललं.
बिजागरीतून वर सरकवून काढायची युक्ती माझी,
बाबांच्या होडीचं सुकाण काढून-बसवून
हात तयार झालेला.
ठाण्यात विचारलं, ही अक्कल कोणाची?
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.
मार्च महिना, खताच्या कंपनीचं, कोपऱ्यात एक गाय.
लवेश म्हणाला, माझी.
त्याचं नाव पहिलं गेलं.

तो माझ्यापेक्षा बरा धावतो. उंचीत बसतो, छातीत बसतो.
मालवणच्या अकॅडमीत दोघांनी नाव घालायचं ठरलं होतं.
सध्या गोव्याच्या ट्रॉलरवर असतो.
फोनवर सगळं सांगितलं. मागे इंजिनाचा आवाज.
"मरांदे गो. तू भर."
मग रेंज गेली, की त्याने ठेवला, ठाऊक नाही.

यासाठीचा प्रश्न मी अर्जात शोधला.
एक ते सत्तावीस, मागची बाजूसुद्धा.
दंड विचारलाय, अटक विचारलीय, शिक्षा विचारलीय.
गप्प बसल्याचं कुठे विचारलेलं नाही.
म्हणून तेही अकराखालीच घातलं.

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.
कोरी जागा उरल्यास तिरकी रेघ मारावी,
मागाहून कुणी काही भरू नये, अशी सूचना आहे.
खाली चार ओळींची जागा उरली आहे.
रेघ मारलेली नाही.
लवेशचा ट्रॉलर शनिवारी बंदरात लागतो.